वन्संचे रोखे, गावाच्या पोफळी

मी पालीला देवाला गेले होते. दर्शन आटोपून चपला शोधत होते, तेवढ्यात फोन वाजला. फोन नानांचा. नाना म्हणजे आमच्या गावच्या बागायतदार मंडळाचे अध्यक्ष. त्यांची स्वतःची पोफळीची वाडी आहे, शिवाय गावची सुपारी गोळा करून ते पुढे व्यापाऱ्यांना घालतात. मला ते कधी फोन करत नाहीत. त्यांचे फोन यायचे माझ्या नणंदेला, म्हणजे माझ्या वन्संना, आणि तेही बहुतेक वेळा भांडायलाच. "वहिनी..." त्यांनी हाक मारली. मग म्हणाले, "ताई गेली वो. मी आलो हुतो भांडायला. पेपर घिऊन बसलेली हुती. मी आपला बोलतोय, बोलतोय... आनि ताई बोलंचना." आमचे हे, म्हणजे वन्संचे थोरले भाऊ, तेव्हा मागे वाडीत शिंपण्याला होते. त्यांना जाऊन सांगायचा धीर नानांना झाला नाही, म्हणून आधी मला फोन. एवढा दांडगा माणूस, ज्याच्या आवाजापुढे सभेत कोणाचं काही चालत नाही, तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. मी देवळाच्या पायरीवर बसले. चपला मिळाल्या की नाही, ते मला आजही आठवत नाही.

त्याला आता काही आठवडे होऊन गेले. लोक भेटायला येतात, चहा घेतात आणि जाताना म्हणतात, "फार साध्या होत्या हो कुमुदताई." मी मान डोलावते, पण मनातून चिडते. साध्या? वन्सं साध्या मुळीच नव्हत्या. हट्टी होत्या, तोंडाने फटकळ होत्या, स्वयंपाकघरात आल्या की काहीतरी करपवल्याशिवाय बाहेर जात नसत, आणि आपण काय करतो आहोत ते त्यांना पुरतं ठाऊक असायचं. मला त्यांचा अभिमान वाटत आला आहे. तो त्यांच्यासमोर बोलून दाखवला असता तर त्यांनी मला उडवून लावलं असतं. आता उडवून लावायला त्या नाहीत, तेव्हा आज मी सगळं सांगणार आहे.

आमचं गाव बोर्ली पंचतनपासून जवळ, समुद्राकाठचं. घरामागे वाडी, वाडीपलीकडे वाळूची पुळण. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा वन्संनी नुकतीच मुंबईत एका बँकेत नोकरी धरली होती. पुढे त्या तिथल्या ट्रेझरी विभागात गेल्या. ट्रेझरी म्हणजे खजिना एवढंच मला माहीत, त्यामुळे वन्सं तिजोरीच्या चाव्या सांभाळतात अशी माझी समजूत. सासूबाई तर शेजारणींना सांगत, "आमची कुमुद नोटा मोजते." वन्संनी ती समजूत कधी दुरुस्त केली नाही. खरं तर त्या सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री करायच्या. सरकार कर्ज काढतं, त्याच्या बदल्यात कागद देतं, अमुक वर्षांनी मुद्दल परत आणि तोवर दर सहा महिन्यांनी ठरलेलं व्याज. तो कागद म्हणजे रोखा, आणि असे कागद हातोहात विकले जातात हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

कळलं तेही डब्यामुळे. मी एकदा मुंबईला गेले होते आणि दुपारी त्यांच्यासाठी घावन-चटणीचा डबा घेऊन थेट त्यांच्या बँकेत धडकले. नेमका तो अर्थसंकल्पाचा दिवस. मोठी खोली, टेबलांवर फोनच फोन, आणि सगळे माना वर करून टीव्हीकडे बघताहेत. त्या खोलीत बायका दोनच, एक वन्सं आणि एक डबा घेऊन उभी असलेली मी. काय स्वस्त झालं, काय महागलं, ते मी कान देऊन ऐकत होते. वन्सं मात्र एका आकड्यासाठी थांबल्या होत्या, सरकार यंदा किती कर्ज काढणार. तो आकडा लोकांनी धरला होता त्याहून मोठा निघाला आणि खोलीत एकच गलका उठला. वन्संनी एक फोन उचलला, दोन-तीन वाक्यं बोलल्या, दुसरा उचलला, त्यावर तेवढंच बोलल्या, आणि हात पुसून माझा डबा उघडून बसल्या. भोवती माणसं ओरडत होती आणि ही बाई घावनाचा तुकडा चटणीत बुडवत होती. मी विचारलं, "झालं तरी काय?" त्या म्हणाल्या, "सरकारला जास्त पैसे हवेत. म्हणजे बाजारात जास्त कागद येणार. गिऱ्हाईक तेवढंच आणि माल जास्त. मग व्याज वाढवून दिल्याशिवाय सरकारचा माल खपायचा नाही." मी म्हटलं, "हे चांगलं की वाईट?" त्यावर त्या हसल्या. "तुमच्या हातात जुना कागद आहे की नवे पैसे, त्यावर आहे, वहिनी." साहेब म्हणवणारा एक माणूस धावत येऊन त्यांना काहीतरी विचारून गेला, मान खाली घालून ऐकून गेला. ही आमच्या घरातली, असं त्या खोलीत सगळ्यांना ओरडून सांगावंसं मला वाटलं होतं.

जुना कागद आणि नवे पैसे यातली गंमत त्यांनी मला नंतर मे महिन्यात आठळ्या सोलताना समजावून दिली. समजा तुम्ही सरकारला शंभर रुपये दिलेत, दरसाल सात मिळणार असं ठरलं. पुढच्या वर्षी सरकार नव्या माणसाला आठ द्यायला तयार झालं. आता तुमचा सातवाला कागद तुम्ही विकायला काढलात, तर शंभराला तो कोण घेईल? शंभरात आठवाला मिळतोय की. मग तुम्हाला भाव पाडावा लागणार. घेणाऱ्याला स्वस्तात मिळाला म्हणून त्याचा परतावा आठच्या घरात जातो, आणि भाव पडला तो तुमचा. परतावा वर तर भाव खाली, परतावा खाली तर भाव वर. "एवढंच?" मी म्हटलं. "एवढंच," त्या म्हणाल्या, "पण परतावा कधी वर जाईल आणि कधी खाली येईल, हे ओळखायला माझी सगळी नोकरी गेली, आणि अजून ओळखता येत नाही."

निवृत्त झाल्यावर त्या कायमच्या इकडे आल्या. लग्न केलं नव्हतं, मुंबईतली खोली सोडून दिली, आणि आमच्या घरात बोलणाऱ्या दोघी आणि ऐकणारा एक अशी विभागणी झाली. बोर्लीच्या बाजारात त्या माझ्याबरोबर यायच्या, पण भाजी आणायला येतात की चौकशीला, तेच कळायचं नाही. टोमॅटोचा भाव विचारायच्या आणि घ्यायच्या नाहीत. टेंपोवाल्याला विचारायच्या, "मुंबईचं भाडं वाढवलंस का रे?" तो म्हणायचा, "डिझेल बघा ना काय झालंय, ताई." घरी येताना मला धडा. खनिज तेल आपण बाहेरून आणतो, ते महागलं की हे भाडं वाढतं, त्यामागे भाजी वाढते, मजुरी वाढते. महागाई चढली की सरकारला पैसे देणारा म्हणतो, मला परत मिळेल तेव्हा त्या रुपयात कमी येणार, तेव्हा आत्ताच जास्त परतावा द्या. मध्यवर्ती बँकही महागाईला आवर घालायला आपला दर वाढवते, तोही परताव्याला वर ओढतो. तिकडे अमेरिकेत परतावा वाढला तर परदेशी पैसा इथून निघून तिकडे जातो, रुपया घसरतो, आपल्याकडचे कागद घेणारे कमी होतात. उलट धंदे मंदावले, कर्ज मागायला कोणी फिरकेना, की बँका आपला पैसा मुकाट्याने सरकारी कागदांत आणून ठेवतात आणि परतावा खाली येतो. मी म्हणायचे, "मग टोमॅटोवरून तुम्हाला कळतच असेल सगळं." त्यावर त्या एकदम गंभीर व्हायच्या. "दोन टोपल्या बघून देशाचा दर सांगणारा माणूस भेटला तर त्याच्याकडे पैसे देऊ नका, वहिनी. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. पण सगळ्या एकाच वेळी ओढत असतात, आणि कुठली जोर करील ते कोणालाच ठाऊक नसतं."

मग ते वादळ आलं. त्या दिवसाबद्दल मी लिहीत नाही, आमच्या किनाऱ्यावर प्रत्येकाला आपापला तो दिवस आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं तर आम्हाला घरातून समुद्र दिसत होता. तोवर कधी दिसला नव्हता, मध्ये पोफळी होत्या. गावातल्या सगळ्या वाड्यांची तीच गत. पोफळ पडली की नवं रोप लावायचं आणि ते लागतं व्हायला, म्हणजे फळ धरायला, सहा-सात वर्षं वाट बघायची. तोवर त्या वाडीवर जगणाऱ्यांनी खायचं काय? याचं उत्तर घेऊन महिन्याभरात मोटारी यायला लागल्या. स्वच्छ बुटांची माणसं उतरायची, पडलेल्या झाडांतून समुद्राकडे बघायची आणि भाव सांगायची. बंगले, रिसॉर्ट, पोहण्याचे तलाव. शेजारच्या गावात दोन-तीन वाड्या गेल्यासुद्धा. आमच्या शेजारची मंजुळा, नवरा गेल्यापासून वाडी एकटीने सांभाळणारी, एकदा कुंपणापाशी उभी राहून मला म्हणाली, "वहिनी, इकली तर पोरांचं व्हईल. न्हाय इकली तर काय व्हईल, त्ये दिसंना."

गावच्या मुंबईकरांनी आणि काही ओळखीच्या-अनोळखी लोकांनी बागायतदार मंडळाकडे मदत पाठवली होती. सगळ्यांना सारखी वाटली असती तर एक हंगाम निघाला असता. नानांचं म्हणणं, वाटून टाका. सगळ्यांचंच तसं म्हणणं होतं. वन्सं मंडळाच्या सभासदही नव्हत्या, पण सभेत उठल्या आणि म्हणाल्या, "हा पैसा पोफळ लागती होईपर्यंत पुरवायचा असेल, तर मी पुरवून दाखवते." त्यांनी योजना मांडली ती अशी. सगळा पैसा सरकारी रोख्यांत ठेवायचा, पण एकाच मुदतीच्या नाही. काही कागद पुढच्या वर्षी मुदत संपणारे, काही त्याच्या पुढच्या, असे थेट पोफळी लागत्या होईपर्यंत. दरवर्षी एका तुकडीची मुदत भरणार, ती रक्कम आणि बाकीच्यांवरचं व्याज मिळून दर सहा महिन्यांनी प्रत्येक घराला ठरलेली मदत. थोडी, पण न चुकता. त्या बदल्यात घराने नवी रोपं लावायची आणि वाडी विकायची नाही. बरीच बाचाबाची झाली. शेवटी मंजुळाने "चालंल" म्हटलं आणि मग एकेक जण चालेल म्हणायला लागले.

घरी आल्यावर मी विचारलं, आपल्याला किती मिळणार? वन्सं म्हणाल्या, "आपल्याला नाही." मला वाटलं थट्टा करताहेत. "आपली वाडी नाही का पडली?" "पडली की." "मग?" "पैसे कुठे ठेवायचे हे ज्याने ठरवलं, त्याच्या घरात त्यातला पैसा यायचा नाही." मी म्हटलं, "हे कुठल्या कायद्यात आहे?" "माझ्या," त्या म्हणाल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चहा देत होते, पण कप आपटून. ह्यांनी नेहमीप्रमाणे दोघींचं ऐकून घेतलं आणि रोपं आणायला गेले. मग पुढची वर्षं आम्ही वन्संच्या पेन्शनवर आणि वरच्या दोन खोल्या पर्यटकांना देऊन काढली. पर्यटक रात्री मोठ्याने गाणी लावत आणि मी मनातल्या मनात वन्संना बोल लावत असे. तो अतिरेक होता असं मला आजही वाटतं, आणि तरी त्या आठवणीने माझी मान ताठ होते. दोन्ही खरं आहे.

पहिली मदत वेळेवर मिळाली, दुसरी मिळाली. मग एका संध्याकाळी नाना पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्याकडे आले. टीव्हीवर त्यांनी बातमी ऐकली होती, सरकारी रोख्यांवरचा परतावा वाढला. मंडळाचा पैसा कशात? सरकारी रोख्यांत. परतावा वाढला म्हणजे आपलं व्याज वाढलं! "ताई, मानलं तुमाला," असं म्हणून त्यांनी पुडा पुढे केला. वन्संनी एक पेढा घेतला, सावकाश खाल्ला, चांगला आहे म्हणाल्या, आणि मग नानांना सांगितलं की आपलं व्याज आहे तेवढंच राहणार, कारण ते आधी ठरलेलं आहे, आणि उलट आपले कागद आज विकायला काढले तर घेतले त्यापेक्षा कमी पैसे येतील. नानांचा चेहरा मी विसरणार नाही. ते उठले ते पुडा तसाच टाकून, आणि तासाभरात गावभर झालं की ताईने पैसे बुडवले.

आठवड्याने शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. एवढी माणसं त्या हॉलमध्ये मी पंधरा ऑगस्टलाही पाहिली नव्हती. नानांनी एक संस्था शोधून ठेवली होती. रोखे विकून आहेत ते पैसे उचला आणि तिथे ठेवा, व्याज जवळजवळ दीडपट. आणि त्यांचं एक म्हणणं अगदी बिनतोड होतं. "ताई, तुमी थोडं थांबला असता, तर आज ह्येच सरकार जास्त देत हुतं. व्हय का न्हाय?" सगळ्या माना वन्संकडे वळल्या. रोखे विकले तर नुकसान कायमचं होणार, मदत मध्येच आटणार, आणि त्या मोटारी परत येणार हे मला दिसत होतं.

वन्सं उठल्या. "व्हय, नाना," त्या म्हणाल्या, नानांच्याच बोलीत. "थांबले असते तर जास्त मिळालं असतं. दर इतके वाढतील असं मला वाटलं नव्हतं. तेल एवढं महागेल, महागाई एवढी चढेल, मध्यवर्ती बँक इतक्या भराभर दर वाढवील, यातलं मी काही धरलं नव्हतं. माझा अंदाज चुकला." सभा मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण भरल्या सभेत उभं राहून असं सरळ म्हणणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मग त्या पुढे म्हणाल्या, "पण ही योजना मी माझ्या अंदाजावर उभी केलेली नाही. माझे अंदाज चुकतात हे मला माझ्या नोकरीत कळलं होतं, म्हणूनच तशी केली नाही. कागदाची मुदत भरेल तेव्हा सरकार पूर्ण रक्कम देणार. मधल्या काळात त्याचा भाव वर जाईल, खाली जाईल. तो भाव विकणाऱ्याने बघायचा. आपल्याला मदत वाटायला जेव्हा पैसे लागणार, तेव्हाच त्यांची मुदत भरते आहे. मग विकायचे कशाला?" त्या नानांकडे वळल्या. वन्संनी त्यांनाच विचारलं, "नाना, वादळाच्या आधी एकदा सुपारीचा भाव पडला होता. काय केलंत तुम्ही?" "माळ्यावर ठिवली." "सुपारी बुडाली म्हणून रडला नाहीत?" "रडतो कशाला! भाव येतो की परत." "परत येईल असं कोणी लिहून दिलं होतं?" "न्हाय." "या कागदांवर लिहून दिलंय, नाना. तारखेसकट." मागून मंजुळाचा आवाज आला, "आनि ह्यास्नी भुंगाबी लागत न्हाय." हॉल हसला. वन्सं मात्र हसल्या नाहीत. "भुंगा आहे, मंजुळा," त्या म्हणाल्या. "महागाई. मदतीचा रुपया दर वर्षी थोडा पातळ होणार, ते मला थांबवता येणार नाही. जे येतं ते सांगितलं, जे येत नाही तेही सांगितलं. आता हात वर करा."

हात वर झाले. रोखे विकायचे नाहीत असं ठरलं. नानांचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. तो मत द्यायला गेला की डोकं खाजवायला, यावर गावात अजून वाद आहे. नानांची ती संस्था पुढे बुडाली असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं, पण ती अजून व्यवस्थित चालू आहे. मी एकदा वन्संना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "चालू दे की. आपण ती बुडेल म्हणून नाही म्हटलं नव्हतं. बुडली तर आपल्याला परवडणार नव्हतं, म्हणून नाही म्हटलं."

त्याच सभेच्या शेवटी नानांनी आणखी एक प्रश्न काढला होता. सगळ्यांच्या पोफळी काही एका दिवशी लागत्या होणार नाहीत. कोणाची आधी, कोणाची दोन वर्षांनी. ज्याची लागती झाली त्याची मदत बंद करायची, हे ठीक. पण तपासणार कोण? समिती नेमा, फोटो मागवा, अशा सूचना यायला लागल्या. वन्सं म्हणाल्या, "कोणी तपासायचं नाही. ज्याची वाडी लागती होईल त्याने आमच्या ओटीवर यायचं आणि सांगायचं, आमची लागती झाली, आमचं बंद करा. बस." नाना खुर्चीतून उठलेच. "ताई, चालू पैसा बंद करा म्हनून कोन येनार हाय? ह्या गावात?" "येतील," वन्सं म्हणाल्या. "वाचेल तो पैसा ज्याची उशिरा लागेल त्याच्या कामाला येणार, हे त्यांना कळतं." खरं सांगायचं तर त्या बाबतीत मी नानांच्या बाजूची होते. घरी येताना मी म्हटलंही, वन्सं, आयुष्यभर तुम्ही सरकारच्या शब्दाचा भाव लावलात, पण सरकारच्या शब्दामागे निदान कर वसूल करायची ताकद असते, आमच्या गावाच्या शब्दाला कशाचा आधार?

वर्षं गेली. परतावा चढला, मग उतरला, परत थोडा चढला. टीव्हीवर कोणी कोट घातलेला माणूस पुढे काय होणार ते ठासून सांगायला लागला की वन्सं आवाज बंद करून नुसतं त्याच्या हातवाऱ्यांकडे बघायच्या आणि खुदुखुदु हसायच्या. मदत कधी चुकली नाही. नाना दर काही दिवसांनी नवीन शंका घेऊन भांडायला यायचे, आणि मला वाटतं दोघांनाही त्याशिवाय करमत नसे. दोन्ही बाजूंच्या गावांत कुंपणं, कमानी, पोहण्याचे तलाव झाले. आमच्या गावातली एकही वाडी विकली गेली नाही. हे वाक्य मी परत लिहिते, कारण ते लिहायलाच मी बसले आहे. आमच्या गावातली एकही वाडी विकली गेली नाही. आणि घरातून समुद्र दिसायचाही हळूहळू बंद होत गेला.

वन्सं गेल्या तेव्हा कुठेकुठे पोफळीला पहिली पोय, म्हणजे फुलोरा, फुटत होती, पण फळ अजून कोणाचं धरलं नव्हतं. त्यामुळे ओटीवर येऊन सांगणारं पहिलं माणूस त्यांनी पाहिलं नाही. नानांशी घातलेली एवढी एकच पैज त्यांची निकालाशिवाय राहिली... याचं मला फार वाईट वाटत होतं. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि एका दुपारी मंजुळा आली. मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हटलं, "ये, बस." ती बसली नाही. म्हणाली, "ताई न्हाईत. मंग कुनाला सांगू?" मी म्हटलं, "मला सांग की." तिने मान हलवली. "न्हाय. त्यांनी वटीवर सांगा म्हटलं हुतं." आणि मग मोकळ्या ओटीकडे तोंड करून, पदर सारखा करून ती म्हणाली, "ताई, आमची लागती झाली. आमचं बंद करा." आणि चहा न घेताच निघून गेली. दोन दिवसांनी आणखी एक जोडपं आलं. मग आणखी एक घर. एका सकाळी नाना आले, नेहमीसारखे पायरीवरूनच ओरडत नाही, तर गुपचूप. टोपी काढून ओटीवर उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, आमचीबी. बंद करा." आणि माझ्याकडे वळून, डोळे पुसत, "आले की वो, वहिनी. सगळी येत्यात की."

परवा सकाळी हे वाडीतून हाका मारत आले. मागच्या रांगेतल्या एका पोफळीला घड धरला होता. बोराएवढ्या हिरव्या सुपाऱ्या, ताज्या, घट्ट. आम्ही दोघं पुष्कळ वेळ वर बघत उभे राहिलो. मग हे म्हणाले, "कुमुदला..." आणि थांबले. मी हात धुतले आणि ओटीवर आले. कोणी नव्हतं. "वन्सं," मी म्हटलं, "आपली लागती झाली." पुढचं वाक्य आमच्यासाठी नव्हतं. आमचं बंद करण्यासारखं काही नव्हतंच, त्यांनी ते कधी सुरूच होऊ दिलं नव्हतं. तरी मी तेही म्हटलं, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.